रोजच्या इतक्याच गाड्या

थेल्मा ग्रीनवूडनं सव्वीस वर्षं क्रॅगफूटच्या रस्त्यावर मोटारी अडवल्या, पण माणसाला म्हणून कधी एका शब्दानं अडवलं नाही.

सकाळी साडेआठला आणि दुपारी सव्वातीनला ती शाळेच्या पोरांना पार करून द्यायला रस्त्यावर हजर. घोट्यापर्यंत पिवळाधमक डगला, कानावर ओढलेली टोपी, हातात डोक्याहून उंच दांडा आणि दांड्याच्या टोकाला गोल पाटी. पोरं तिला लॉलिपॉपवाली म्हणत. पोरांचे आईबापही तेच म्हणत, कारण त्यांतले निम्मे तिच्याच दांड्याआडून शाळेत गेलेले. डोंगरावरून उतरणारा तो रस्ता दगडी पुलावर एकदम आवळतो आणि पूल संपला की झपकन वळतो. शाळा नेमकी त्या वळणावर. थेल्मा फुटपाथावरून दोन पावलं पुढं यायची आणि दांडा रस्त्यावर असा टेकवायची, की अठरा चाकांचा ट्रकही गपगुमान उभा राहायचा. दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर म्हणायचा, "पोलिसाला बघून ब्रेक मारावा लागतो. थेल्माला बघून तो लागतो."

त्याआधी ती गालिच्यांच्या गिरणीत होती. तिचा नवरा अर्नोल्डही तिथलाच. मागांच्या खडखडाटात त्याचा एक कान गेला तो गेलाच. त्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे म्हणून गिरणीतल्या बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायच्या. थेल्माला ती विद्या पक्की अवगत. गिरणी बंद पडली तरी ओठ बंद पडले नाहीत. रस्त्याच्या पलीकडं उभ्या असलेल्या आईला, मधून चार मोटारी जात असताना, ती आरामात सांगायची, "तुझ्या पोरीचा डबा मागच्या सीटवर राहिलाय."

दुसऱ्याचं सांगायला अशी तरबेज, पण स्वतःचं सांगायची वेळ आली की तोंडाला कुलूप. कशी आहेस विचारलं की "बरंय, तक्रार नाही." एका जानेवारीत बर्फावर घसरून मनगट मोडलं, प्लास्टर घालून दुसऱ्या दिवशी उभी राहिली, तेव्हाही तक्रार नव्हती. केस कापणारीनं एकदा तिच्या डोक्याचा पार खराटा करून टाकला. थेल्मानं आरशात बघून "छान झालेत गं" म्हटलं, वर बक्षिशी दिली आणि घरी येऊन स्वयंपाकघरात चहाची किटली शेगडीवर ठेवून तिच्या शिट्टीआड रडली. बसवाला तिचा थांबा विसरून पुढं गेला, तर ही पुढच्या थांब्यावर उतरून, उतरताना त्याला "थँक यू" म्हणून, मैलभर चालत मागं येणार. अर्नोल्ड म्हणायचा, "आमच्या हिला बुडताना बघितलंत तर आपणहून दोर टाका. ती हाक मारायची नाही. पाण्याची माफी मागेल."

मार्चमध्ये कौन्सिलचं पत्र आलं.

अर्नोल्डनं ते टोस्टला लोणी लावता लावता वाचलं आणि सुरी खाली ठेवली. खर्चाला कात्री लागली होती. जिथं रहदारी कमी तिथल्या लॉलिपॉपवाल्या जागा बंद व्हायच्या होत्या. येत्या मंगळवारी कौन्सिलचा माणूस येऊन सकाळी आणि दुपारी मोजदाद करणार. रस्ता ओलांडणारी मुलं किती आणि जाणाऱ्या गाड्या किती, यांचा गुणाकार. त्यातही गाड्यांचा आकडा दोनदा गुणायचा. उत्तर ठरल्या आकड्याच्या खाली आलं की जागा गेली.

"गेल्या सव्वीस वर्षांत इथं अपघात झालेला नाही, असंही लिहिलंय," अर्नोल्ड म्हणाला. "म्हणजे गरज नाही. काय डोकं आहे."

सव्वीस वर्षांपूर्वी त्याच वळणावर एका मुलीचा पाय गेला होता, त्यानंतरच ही जागा निघाली. ती मुलगी थेल्माच्या शेजारच्या घरातली. थेल्माची तेव्हा गिरणी सुटलेली, हात रिकामे. अर्ज द्यायला ती आपल्या पायानं गेली होती. आयुष्यात तेवढीच एक गोष्ट तिनं मागून घेतली होती.

"गावाला सांग," अर्नोल्ड म्हणाला.

"काय सांगू? माझ्यासाठी गाड्या घेऊन या म्हणून?"

"तसं नको. मंगळवारी कुणी सुट्टी काढू नका, एवढं तरी सांग."

"लोकांना काय कमी कामं आहेत, अर्नोल्ड. उगाच गवगवा कशाला." तिनं पत्र घडी करून चहापत्तीच्या डब्याखाली ठेवलं. "व्हायचं ते होईल."

तरी तिला राहवलं नाही. शनिवारी पॉलीनच्या दुकानात गेली. क्रॅगफूटमध्ये पोस्ट, पाव, वर्तमानपत्र आणि बातम्या हे सगळं पॉलीनच्याच गल्ल्यावर मिळतं. तिथं थेल्मा अर्धा डझन अंडी घेता घेता म्हणाली, "मंगळवारी कौन्सिलचा कुणी माणूस यायचाय. मला बघायला."

"तुला बघायला? कशासाठी गं?"

"असंच. त्यांचं काहीतरी असतं."

"काळजीचं नाही ना?"

"छे गं. तक्रार नाही."

एवढंच बोलणं झालं. थेल्माला वाटलं, आपण बरंच बोललो. पॉलीननं मात्र त्या दोन वाक्यांचा तासाभरात पुरा स्वयंपाक केला. थेल्माचं काम तपासायला इन्स्पेक्टर येतोय. एवढ्या वर्षांत कुणी बोट दाखवलं नाही त्या बाईवर, आणि आता हे. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना सगळ्यांचं एकमत झालं, की मंगळवारी थेल्माचा रस्ता कसा चकचकीत दिसला पाहिजे. गर्दी नको, घाई नको, हॉर्न नको. पाववाल्यानं कबूल केलं, की व्हॅन वरच्या रस्त्यानं नेतो. पोरांना रोज मोटारीतून सोडणाऱ्या आया म्हणाल्या, आम्ही चालत येऊ. ऐंशी वर्षांचा सेथ ॲम्बलर, ज्याच्या ट्रॅक्टरमागं रोज सकाळी वीस मोटारींची शेपटी लागते, तोही म्हणाला, "बिचारीसाठी येवढं केलं पायजे. मी डोंगराला वळसा घालीन."

आणि यातलं कुणीही थेल्माला काही बोललं नाही. सांगितलं तर ती अवघडेल, हे सगळ्यांना ठाऊक.

मंगळवारी सव्वाआठला कौन्सिलचे मिस्टर डेंट आले. पन्नाशीचा सज्जन माणूस, नाकाचा शेंडा थंडीनं लाल झालेला. त्यांनी घडीची खुर्ची मांडली, पायाशी थर्मास ठेवला आणि दोन्ही हातांत मोजणीचं एक एक टिकटिकं घेतलं, दाबलं की आकडा वाढवणारं. डावं मुलांसाठी, उजवं गाड्यांसाठी.

"सॉरी हं, तुमच्या जागेत बसलो," ते म्हणाले.

"सॉरी, मीच मधे उभी आहे," थेल्मा म्हणाली.

आणि मग रस्त्यावर काही आलंच नाही.

साडेआठ झाले. आठ पस्तीस. नाताळच्या सकाळी असतो तसा रस्ता. पुलाखालचं पाणी ऐकू यायला लागलं. एरवी ह्या वेळेला पुलावर बंपरला बंपर. थेल्माला आधी वाटलं, वरती कुठं झाड पडलं असेल. मग पोरं आली, तीही दोन दोनच्या रांगेत, हात धरून, चर्चला निघाल्यासारखी. मागं त्यांच्या आया, पायी, गाल लाल, आणि तिच्याकडं बघून असं हसत होत्या जणू हिचा वाढदिवस आहे. मिस्टर डेंटचं डावं टिकटिकं चिमणीसारखं वाजत होतं. उजवं गप्प.

पावणेनऊला एकदाची एक मोटार वरून आली आणि एक खालून. दोघींनी पुलाच्या दोन टोकांना पन्नास हात आधीच थांबून एकमेकींना दिवे मिचकावले. आधी तुम्ही. नाही, आधी तुम्ही. मिनिटभर दिव्यांचा हा आग्रह चालला. शेवटी दोघी एकदम निघाल्या, एकदम थांबल्या आणि पुन्हा दिवे. थेल्मानं दांडा हलवून एकीला मार्गाला लावलं.

पलीकडं दुकानाच्या दारात पॉलीन उभी होती. तिनं हाताची मूठ करून अंगठा वर केला. गिरणीतल्या बायकांसारखे ओठ तिला हलवता येत नसत, तरी थेल्माला ते स्वच्छ वाचता आलं: "तुझ्यासाठी मोकळा ठेवलाय."

थेल्माच्या हातातला दांडा जड झाला.

सव्वानऊला मिस्टर डेंट उठले. त्यांनी वहीत दोन आकडे लिहिले, उजव्या आकड्याकडं पुन्हा बघितलं.

"एकोणतीस," ते हळूच म्हणाले. "फारच शांत गाव आहे तुमचं, मिसेस ग्रीनवूड."

"हो. शांतच आहे." ती म्हणाली. हे बोलताना आपलीच जीभ आपण कापतोय असं तिला वाटलं.

"दुपारी येतोच मी. दोन्हीची सरासरी धरायची असते." ते थांबले. "मला खरंच वाईट वाटतंय."

"तुमचं काय त्यात. सॉरी, तुम्हाला थंडीत बसावं लागलं."

वाटेत एका आईनं तिला सेथच्या वळशासकट गावाचा सगळा बेत हसत हसत सांगितला. घरी येऊन तिनं डगला न काढताच अर्नोल्डला सगळं सांगितलं. तो चांगल्या कानाची बाजू पुढं करून ऐकत होता. अर्ध्यावर त्याला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला, आणि मग तिचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं.

"सेथ डोंगराला वळसा घालून गेला?" त्यानं विचारलं.

"दहा मैल."

"थेल्मा, सव्वातीनला तो डेंट परत येतोय. अजून पाच तास आहेत. जा आणि सांग."

"कुठल्या तोंडानं सांगू? इतक्या प्रेमानं केलंय रे त्यांनी. आता जाऊन म्हणू, तुमच्या प्रेमानं माझी नोकरी घालवली?"

"तसंच म्हण."

"मला नाही जमायचं."

"मग उद्यापासून पोरांना पार कोण करणार, तो विचार कर." अर्नोल्ड उठून मागच्या अंगणात निघून गेला. तो असा कधी बोलत नसे.

थेल्मा दुकानात गेली. पॉलीननं "कसं झालं गं?" विचारल्यावर तिच्या तोंडून "छान झालं" निघून गेलं आणि ती बिस्किटांचा पुडा घेऊन परत आली. अर्ध्या तासानं पुन्हा गेली, तिकिटं घेतली. कुणाला पत्र लिहायचं नव्हतं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा बारा वाजलेले. रांगेत पुढं दोन आया, त्यांच्या पुढं सेथ, तंबाखू घ्यायला आलेला. थेल्मा मुकाट्यानं रांगेच्या शेवटी उभी राहिली. नंबर येईपर्यंत बोलायचं नाही, हे तिच्या हाडांतच होतं. मग एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. आपला नंबर येईपर्यंत पुढचे सगळे निघून जातील आणि सांगायला पॉलीन एकटी उरेल.

ती रांग सोडून पुढं आली. क्रॅगफूटमध्ये रांग मोडणं म्हणजे काय, ते तिथल्या माणसालाच कळेल. दोघी आया वळून बघायला लागल्या. सेथच्या हातातली तंबाखू हातातच राहिली.

"सॉरी," थेल्मा म्हणाली. तिनं खाकरून पुन्हा सुरुवात केली. "सॉरी. तुम्हाला सगळ्यांना त्रास देतेय. तो माणूस माझं काम बघायला आलेला नाही. तो गाड्या मोजायला आलाय. गाड्या कमी भरल्या तर माझी जागा बंद होणार आहे. सकाळी एकोणतीस भरल्या."

पॉलीननं हातातली मोड गल्ल्यावर तशीच टाकली.

"अगं देवा," पॉलीन म्हणाली. "म्हणजे आम्ही..."

"तुम्ही चांगलंच केलंत. चूक माझी. मीच नीट सांगितलं नाही. पण मला ही जागा हवी आहे." हे वाक्य बाहेर पडल्यावर तिचं तिलाच दचकायला झालं. "दुपारी तुमच्या गाड्या घेऊन या. कृपा करून."

सेथनं तंबाखू खिशात घातली. "म्हंजे सकाळी मी म्हातारा त्या ट्रॅक्टरवर धा मैल कुल्ले आपटत हिंडलो, ते तुझी नोकरी घालवायला व्हय?"

"हो, सेथ."

"आणि तू शनवारपासनं गप ऱ्हायलीस."

"हो."

"पोरी, तुझ्यापरास माझी मेंढरं जास्त बोलत्यात." पण त्याचा चेहरा उजळला होता. "थांब आता. माझा ट्रॅक्टर आन् भावाचा ट्रक. पुलावरनं धा येळा फिरवतो. बसू दे त्याला टिकटिक करत."

"माझी बहीण खालच्या गावाहून येईल," एक आई म्हणाली. "तिच्या ऑफिसातल्या..."

"नाही." थेल्मानं हात वर केला, रस्त्यावर करायची तसाच, आणि सगळे तसेच थांबले. "रोज येतात तेवढ्याच गाड्या. एकही जास्त नको. फसवून मिळवलेली जागा मला नकोय. तिथं मला रोज उभं राहायचंय."

सेथ एवढंच पुटपुटला, की दोन येळा तरी जाऊ दे. थेल्मानं नुसतं बघितलं. "बरं, येकदा," तो म्हणाला.

दुपारी सव्वातीनला क्रॅगफूटचा रस्ता पुन्हा क्रॅगफूटचा रस्ता झाला. टँकर आला, पावाची व्हॅन आली, आयांच्या मोटारी दोन्हीकडून फुटपाथाला घासून उभ्या राहिल्या. कुणीतरी हॉर्न मारला, कुणीतरी काच खाली करून त्याला शिवी हासडली. सेथचा ट्रॅक्टर शेणमाती सांडत, मागं लांबलचक शेपूट घेऊन, एकदाच गेला. जाताना त्यानं मान ताठ ठेवली, जणू थेल्माला ओळखतच नाही. एका मोटारीनं वळणावर नको तेवढा वेग घेतला. तिच्यासमोर दांडा टेकला तेव्हा ब्रेक किंचाळले. दांड्याआड दोन पोरी होत्या. मिस्टर डेंट खुर्चीवरून अर्धे उठले होते. त्यांना परत बसायला जरा वेळ लागला.

चारला त्यांनी वही तिच्यासमोर धरली. "सकाळी एकोणतीस. आता एकशे शेहेचाळीस. मिसेस ग्रीनवूड, यांतला खरा आकडा कुठला?"

गावावर खापर फोडणं तिच्यानं होणार नव्हतं आणि खोटं बोलणंही नाही. "दुपारचा," ती म्हणाली. "सकाळी लोक माझ्याशी चांगले वागत होते."

तिनं त्यांना सगळं सांगितलं, शनिवारच्या अंड्यांपासून सेथच्या दहा मैलांपर्यंत. मिस्टर डेंट खाली बघून ऐकत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. शेवटी त्यांनी रुमालानं नाक पुसलं.

"नियम असा आहे, की मोजदाद साध्या दिवसाची हवी. आजचा दिवस साधा धरता यायचा नाही. मी पुन्हा येईन, पण कधी ते सांगणार नाही. कुणालाच."

त्यानंतरचे तीन आठवडे गावाला फार जड गेले. रोजच्यासारखं वागायचं म्हणजे नेमकं कसं, हे रोज कुणाच्या ध्यानात असतं? एक आई घसा बसलेला असताना गाडी घेऊन आली, कारण ती नेहमी मंगळवारी येते. पाववाला एरवी डावीकडून यायचा की उजवीकडून, यावर दुकानात वाद झाला. सेथ म्हणाला, "मला तर माझं चालनं पन आठवंना झालंय. आधी डावा पाय टाकत होतो का उजवा?" आणि मिस्टर डेंट कधी येऊन गेले, त्यांची घडीची खुर्ची कुणाच्या कुंपणाआड होती, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

एप्रिलच्या शेवटी पत्र आलं. थेल्मानं ते उभ्या उभ्या फोडलं, वाचलं आणि डगल्याच्या खिशात घालून थेट दुकानात गेली. या खेपेला तिनं घडी उलगडून पहिल्या ओळीपासून, पत्राच्या क्रमांकासकट, मोठ्यानं वाचून दाखवलं. जागा तीन वर्षं चालू. उत्तर ठरल्या आकड्याच्या वर फार नाही, थोडंच.

"बरं झालं," पॉलीन म्हणाली आणि तिचं लेबलं लावायचं काम पुढं चालू ठेवलं. एक लेबल तिनं सरळ स्वतःच्या बाहीवर चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं पार झाल्यावर सेथनं ट्रॅक्टर थेल्माशेजारी थांबवला. मागं वीस मोटारी खोळंबल्या. त्यानं इंजिन बंद केलं, म्हणजे बोलणं महत्त्वाचं होतं.

"ऐकलं मी. ब्येस झालं. आता पुन्ना कधी काय लागलं, तर गप ऱ्हाऊ नको पोरी. सरळ सांगायचं."

"सांगेन."

"वचन?"

"आत्ताच सांगते." थेल्मानं दांड्यानं रस्ता दाखवला. "तुमच्या चाकांची शेणमाती रोज इथं सांडते, सेथ. पाऊस पडला की पोरं घसरतात. सव्वीस वर्षं बघतेय. पुलाच्या आधी चाकं साफ करून येत जा."

सेथनं टोपी मागं सारली. मागच्या मोटारींकडं बघितलं, चाकांकडं बघितलं. मग इंजिन चालू करून निघून गेला.

दुपारी तो परतला तेव्हा पुलाच्या अलीकडं उतरून, फावडं घेऊन, टायरच्या खाचांतली माती खरवडत बसला होता. शेपटीतल्या मोटारींना हात दाखवून थांबायला सांगत होता. आणि थेल्मा दांडा टेकून त्याचं होईपर्यंत उभी राहिली. त्याला "राहू दे" म्हणायचं तिच्या ओठांवर दोनदा आलं. ती काही बोलली नाही.